घडी

सलोमीआत्याला खिडकीकडची खाट मिळाली,
ज्या दवाखान्याच्या चादरी तिने छत्तीस वर्षं धुतल्या
त्याच दवाखान्यात, छावणीतल्या.
नाकात नळी, हाताला सलाइन,
आणि मोकळं बोट चादरीच्या काठावरून फिरतंय:
"शिवण उसवलीय. लॉन्ड्रीत कोण आहे गं आता?"

मी सांगत नाही की कुणीच नाही.
देवास नाक्याकडून टेम्पो येतो,
निळ्या पिशव्या नेतो, निळ्या पिशव्या आणतो.

मी विजयनगरला, काचेच्या इमारतीत
विम्याचे दावे तपासते.
रकाना अठरा, रकाना एकोणीस.
कुणाचा खुबा, कुणाचं मूत्रपिंड,
मंजूर, नामंजूर, कागद अपुरे.
संध्याकाळी खाली उतरते
तेव्हा हाताला कशाचाच वास नसतो.

आत्याच्या हाताला असायचा,
सोड्याचा, निळीचा, उकळत्या हौदाचा.
त्याच हातांनी ती प्रभुभोजनाची भाकर घ्यायची
आणि शेजारी बसून मला वाटायचं
पवित्र म्हणजे हा, निळीचा वास.

बाळंतिणीची चादर आणि गेलेल्याची चादर
एकाच हौदात पडायची.
"डाग बघायचा, माणूस नाही बघायचा."
मग जरा थांबून,
"माणूस बघायचा घडी घालताना."

जोडीला द्रुपदाबाई होती. ती निवृत्त झाली,
तिची जागा काही भरली नाही.
तेव्हापासून एक टोक हनुवटीखाली दाबून
आत्या एकटीच चादरी घालायची.
मान वाकडी झाली ती तेव्हाची.
फोटोत लोकांना वाटतं, लाजतेय.

एकदा भांबळ पाळक उपदेशात म्हणाले,
घाम हा आदामाचा शाप आहे,
तिकडे वर नुसता विसावा.
आत्या दारात त्यांना गाठून म्हणाली,
"बागेत त्याला आधी कामालाच ठेवलं होतं ना?
शाप नंतरचा."
पाळक हसले. पुढच्या ईस्टरला पुन्हा तेच,
रिकामी कबर, पडलेली वस्त्रं,
आणि डोक्याचा रुमाल वेगळा, गुंडाळलेला.
"गुंडाळलेला नसणार," आत्या चहा ओतताना म्हणाली.
"गुंडाळतात ते घाईतले. घडी केली असणार."
एवढ्यावर तिचं नि पाळकांचं
दोन महिने नीट बोलणं नव्हतं.

काल रात्री तीनच्या सुमाराला
तिने मला हलवून उठवलं.
मला वाटलं, दुखतंय.
"अगं, मला कळलं," म्हणाली,
"त्याने रुमालच का घडी केला, आणि ती लांब वस्त्रं
तशीच का पडू दिली."
मी पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो बाजूला सारला.
"रुमालाला एक माणूस पुरतं.
लांब कापडाला दुसरं लागतं.
पहाट झालेली, आत कुणी नाही.
जेवढं एकट्याला जमलं तेवढं केलं
आणि बाकीचं ठेवून गेला."

बाहेर कचऱ्याची गाडी अजून यायची होती.
वॉर्डात कुणीतरी झोपेत कण्हत होतं.
मला रकाना अठरा आठवला,
आणि का कोण जाणे, त्यातलं एक नाव,
जे मी परवा नामंजूर केलं होतं
पूर्ण न वाचता.

"ती खुर्चीवरची घे," आत्या म्हणाली.
"सुईचा हात सोड, तो चालतो मला. धर दोन टोकं."
मी उभी राहिले भिंतीशी, ती खाटेवर,
आमच्यामध्ये पांढरं, ताणलेलं.
"झटक. आता ये."
मी चालत गेले तिच्याकडे,
माझी बोटं तिच्या बोटांना लागली, गार,
वास कसलाच नाही, स्पिरिटचा थोडा.

तिने दिव्याकडे धरून पाहिलं.
काठ जुळले नव्हते.

"पुन्हा," ती म्हणाली.